पान लागलं तर: सर्पदंशानंतरचे पहिले तास

आमच्याकडे तिन्हीसांजेनंतर सापाला कुणी साप म्हणत नाही. जनावर म्हणतात, लांबडं म्हणतात, कोकणात किरडू म्हणतात. आणि कुणाला चावला तर 'पान लागलं' म्हणतात. नाव घेतलं की तो येतो, अशी जुनी समजूत. त्या शब्दांशी माझं काही भांडण नाही. भांडण आहे ते 'पान लागलं' अशी हाळी उठल्यावर सुरू होणाऱ्या धावपळीशी. एकजण कासरा शोधतो, दुसरा ब्लेड, तिसरा कडुलिंबाचा पाला ओरबाडून आणतो, चौथा मोटरसायकल काढून विष उतरवणाऱ्याला आणायला सुटतो. तीच मोटरसायकल दवाखान्याच्या दिशेने निघाली असती, तर एव्हाना माणूस तिथे पोचला असता.

२००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा संशोधकांचा अंदाज आहे. यातले बहुतेक मृत्यू खेड्यापाड्यांत झाले, आणि त्यातलेही बरेच घरीच. विषावर औषध आहे आणि ते सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. उशीर होतो तो घर ते दवाखाना या टप्प्यात. म्हणून हा लेख मुख्यतः त्या टप्प्याबद्दल आहे.

साप कोणता, हे किती महत्त्वाचं?

वाटतं त्यापेक्षा बरंच कमी. आपल्याकडे माणसं दगावतात ती प्रामुख्याने चार सापांमुळे: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. भारतात मिळणारी सर्पविषरोधक लस, जिला दवाखान्यात सगळे 'एएसव्ही' म्हणतात, ती या चारही विषांवर एकत्रच बनवलेली असते. म्हणजे चौघांपैकी कोणताही चावला तरी बाटली तीच. डॉक्टर उपचार ठरवतात ते रुग्णाची लक्षणं पाहून, साप पाहून नव्हे.

तेव्हा काठी घेऊन सापामागे लागू नका. यात वेळ जातो आणि बऱ्याचदा दुसराही माणूस चावून घेतो. मारलेला साप पिशवीत घालून दवाखान्यात आणणारे लोक मी पाहिले आहेत. मेलेल्या सापाचं, अगदी तुटलेलं डोकंसुद्धा काही वेळ चावू शकतं. लांबून मोबाईलवर फोटो मिळाला तर ठीक, नाही मिळाला तर सोडून द्या.

'बिनविषारी होता, मी पाहिलाय' यावरही विसंबू नका. निरुपद्रवी कवड्या आणि जहाल मण्यार यांची गल्लत नेहमी होते. डुरक्या घोणस बिनविषारी, पण खरी घोणस तिच्यासारखीच दिसते आणि जीव घेते. दिवसाउजेडी निवांत पाहिलं तर फरक कळतो. रात्री बॅटरीच्या उजेडात, घाबरलेल्या डोळ्यांना कळत नाही.

पहिली पाच मिनिटं

आधी सापापासून दूर व्हा आणि चावलेल्या माणसाला खाली बसवा किंवा आडवं करा. त्याला चालवू नका, पळवू तर मुळीच नका. स्नायू हलले की विष शरीरात लवकर पसरतं. शेतात असेल तर बाजेवर, घोंगडीच्या झोळीत किंवा पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत आणा.

मग धीर द्या. हा धीर खोटा नसतो. आपल्याकडचे बहुसंख्य साप बिनविषारी आहेत, आणि विषारी साप चावला तरी तो दर वेळी विष सोडतोच असं नाही. त्याला कोरडा दंश म्हणतात. मांत्रिकाचा नावलौकिक उभा असतो तो याच दोन गोष्टींवर. त्याच्याकडे नेलेल्यांतल्या अनेकांना मुळात विषबाधा झालेलीच नसते. ते 'उतरतात' आणि गावभर त्याचं नाव होतं. जो दगावतो त्याच्याबद्दल 'उशिरा आणला' एवढंच बोललं जातं.

अंगठ्या, बांगड्या, कडं, घड्याळ, जोडवी, पैंजण, आणि पायाला चावलं असेल तर बूटमोजे, सगळं लगेच काढा. घोणस चावल्यावर तासाभरात हात नाहीतर पाय इतका सुजतो की अंगठी मांसात रुतते आणि शेवटी कापून काढावी लागते. सूज दिसायची वाट पाहत बसू नका.

आता तो हात किंवा पाय हलणार नाही अशी सोय करा. मोडलेल्या हाडाला बांधतो तशीच. काठी, छत्रीची दांडी, जाड पुठ्ठा, शाळेची लाकडी पट्टी, हाताशी असेल ते बाजूला ठेवून वरून उपरणं किंवा ओढणी सैलसर गुंडाळा. बांधल्यावर खाली बोट सहज सरकायला हवं. हे बांधणं हालचाल थांबवण्यासाठी आहे, रक्त थांबवण्यासाठी नव्हे, आणि लोकांची गफलत नेमकी इथेच होते.

जखमेला हात लावू नका. धुणं, चोळणं, पिळणं, काहीही नको. ऑस्ट्रेलियात सापाच्या चाव्यावर लांब पट्टीने घट्ट दाब देण्याची पद्धत आहे आणि इंटरनेटवर तिचे व्हिडिओ भरपूर आहेत. तिथले साप वेगळे. आपल्याकडे घोणस आणि फुरसे चावल्यावर त्या जागचं मांसच सडू लागतं. तिथे विष दाबून धरणं म्हणजे हात किंवा पाय गमावण्याला आमंत्रण. आपल्या सरकारी मार्गदर्शनात ही पद्धत सर्वांसाठी सांगितलेली नाही.

एवढं झालं की निघा. पाच मिनिटांचंही काम नाही. घरच्या घरी आणखी काही करण्यासारखं नसतं, आणि नेमकं हेच लोकांना पटत नाही. काहीतरी केलं पाहिजे असं वाटतं, आणि मग त्यातून पुढच्या गोष्टी घडतात.

जे करायचं नाही

करकचून बांधणं हे यातलं सर्वांत मोठं. सुतळी, कासरा, साडीचा काठ, हल्ली तर केबल टायसुद्धा. याने विष थांबत नाही. रक्तपुरवठा थांबतो, आणि मी असा पाय पाहिला आहे जो विषाने नव्हे तर दोरीने गेला. मात्र तुम्ही पोचण्याआधीच कुणी बांधलं असेल आणि बराच वेळ झाला असेल, तर ते वाटेत झटकन सोडू नका. अडकून राहिलेलं विष एकदम अंगात जातं आणि काही मिनिटांत श्वास बंद पडू शकतो. तशी दोरी दवाखान्यात, औषधं तयार ठेवून, डॉक्टरांसमोर सोडतात.

ब्लेडने कापणं: घोणस-फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासं होतं. मग त्या चिरेतून रक्त थांबतच नाही. तोंडाने ओढून विष येत नाही. बर्फ, चुना, हळद, डांबर, रॉकेल, कोंबडीची मागची बाजू जखमेला लावणं, पेट्रोल ओतणं, यातल्या कशाचाही उपयोग नाही. कोंबडीचा प्रकार ऐकून हसू येतं, पण त्यात डझनभर कोंबड्या आणि दीड तास जातो.

कडुलिंबाचा पाला किंवा मिरची खायला देऊन 'कडू लागतं का, तिखट लागतं का' विचारायची रीत सगळ्या महाराष्ट्रात आहे. चव लागली म्हणजे विष नाही, असा अर्थ लावतात. विष चढलेल्या माणसालाही चव लागते. त्याहून वाईट असं की नाग किंवा मण्यार चावलेल्याची गिळण्याची ताकद हळूहळू जाते. तूप, काढा, दारू, पाणी, पाला, जे काही घशात जाईल ते श्वासनलिकेत उतरण्याचा धोका असतो. तोंडातून काही देऊ नका. दुखतं म्हणून अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्याही नकोत. त्यांनी रक्तस्राव वाढतो.

मांत्रिकाबद्दल आणखी एक. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात, कुत्रा, साप, विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा म्हणून स्पष्ट नोंदवलेला आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. अडून बसलेल्या नातेवाइकांना हे सांगून पाहा, कधी कधी चालतं. आणि तेही चाललं नाही, तर म्हणा की मंत्र गाडीतच म्हणा, आम्ही निघतो. देवळातला अंगारा कपाळाला लावून निघायला अर्धा मिनिट लागतो. त्यावर वाद घालून दहा मिनिटं घालवू नका.

वाटेत

१०८ ला फोन करा. पण रुग्णवाहिका यायला पाऊण तास आणि तुमच्या गाडीने दवाखाना वीस मिनिटांवर असेल तर थांबू नका. निघा आणि फोनवर सांगून वाटेत गाठ घाला. चारचाकी नसेल तर मोटरसायकलवर तिघे बसा: पुढे चालवणारा, मधे रुग्ण, मागे त्याला घट्ट धरणारा. नेपाळच्या तराईत गावोगावचे स्वयंसेवक अशाच पद्धतीने मोटरसायकलवरून लोकांना आणत आणि मृत्यू लक्षणीय कमी झाले.

गाडीत झोपवताना डाव्या कुशीवर. उलटी झाली तर घशात अडकत नाही.

एकाने फोनवर एवढंच काम करायचं: जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात एएसव्ही आहे का आणि आत्ता डॉक्टर आहेत का, हे विचारायचं. थेट शहरातल्या मोठ्या रुग्णालयाकडे धावण्याचा मोह होतो. जवळ लस असेल तर आधी तिथेच थांबा. पहिला डोस तिथे सुरू व्हावा आणि मग गरज असेल तर पुढे पाठवावं, असं सरकारी सूचनांतच आहे. डॉक्टर लस न देताच पुढची चिठ्ठी लिहू लागले, तर हात जोडून पण ठामपणे म्हणा, 'साहेब, लक्षणं असतील तर एएसव्ही सुरू करून मग पाठवा.'

वाटेत वेळा लिहून ठेवा, हातावर पेनाने लिहिल्या तरी चालेल. कधी चावला, कुठे चावला, सूज कुठपर्यंत आली. सुजेच्या कडेवर पेनाने रेघ ओढून शेजारी वेळ टाका. डॉक्टरांना याचा फार उपयोग होतो. अधूनमधून रुग्णाला वर बघायला सांगा. पापण्या अर्ध्यावर येतायत का? एकाचे दोन दिसतात का? बोलणं नाकातून येतंय, जड झालंय का? मान धरता येते का? हिरड्यांतून, लघवीतून रक्त? पोटात, कमरेत कळ? हे सगळं डॉक्टरांना क्रमाने सांगा. आणि कुणी काही बांधलं, पाजलं, कापलं असेल तर तेही. लाजून लपवू नका. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल, गरोदरपण असेल, आधी कधी ही लस घेतली असेल, तर तेही सांगा.

मण्यार: हिच्यासाठी वेगळा मजकूर

बाकीचे तीन साप चावल्याचं कळतं. दुखतं, सुजतं, आग होते. मण्यार चावल्याचं बऱ्याचदा कळतच नाही. ती रात्री घरात येते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावते. दात बारीक, सूज नाही, वेदना नाही, खूणसुद्धा सापडत नाही.

माझ्या चुलत्यांचं असंच झालं. पावसाळ्यातली पहाट, साडेचारला पोटात कळ येऊन उठले. पित्त असेल म्हणून काकूंनी ओवा दिला. घसा दुखतो म्हणाले, मग गिळता येईना. सात वाजता गावातल्या एका खासगी डॉक्टरांनी पित्ताचं इंजेक्शन दिलं. आठला पापण्या मिटू लागल्या, तेव्हा शेजारच्या आजींनी विचारलं, 'रात्री खाली झोपला होता का?' तो प्रश्न बाकी कुणाला सुचला नव्हता.

तेव्हा पावसाळ्यात, रात्री खाली झोपलेला धडधाकट माणूस पहाटे पोटदुखी, उलटी, घसा आवळणं, पापण्या जड होणं अशा तक्रारी घेऊन उठला, तर चाव्याची खूण दिसो न दिसो, मण्यार समजून निघा. लहान मुलांच्या बाबतीत तर जास्तच, कारण त्यांना सांगता येत नाही.

मण्यारीचं विष स्नायूंकडे संदेश नेणाऱ्या चेतातंतूंची टोकंच निकामी करतं. लस रक्तात फिरणाऱ्या विषाला निष्प्रभ करते, पण जी टोकं आधीच निकामी झाली ती तिच्याने दुरुस्त होत नाहीत. शरीर ती पुन्हा उगवतं, त्याला दिवस लागतात. तेवढे दिवस श्वास यंत्राने द्यावा लागतो. चुलते सहा दिवस व्हेंटिलेटरवर होते. डोळे उघडत नव्हते, बोट हलत नव्हतं, आणि बाहुल्याही उजेडाला दाद देत नव्हत्या. तिसऱ्या दिवशी काही नातेवाइकांनी 'आता कशाला यंत्र लावून ठेवायचं' असा विषय काढला. बरे झाल्यावर चुलत्यांनी कोण काय बोललं ते नावानिशी सांगितलं. पूर्ण लुळा पडलेला रुग्ण आतून शुद्धीवर असू शकतो, ऐकू शकतो. तेव्हा यंत्र काढायची घाई करू नका, आणि त्याच्या खाटेशी बसून बोलताना तो ऐकतोय असं धरून बोला.

दवाखान्यात काय काय होतं

एक साधी तपासणी तुमच्यासमोर होईल. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन ती २० मिनिटं अजिबात न हलवता ठेवतात. मग तिरकी करून पाहतात. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर विषाने गोठण्याची क्रिया मोडली आहे: घोणस किंवा फुरसे. नळी प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असेल तर निकाल चुकतो. एरवी एमआरआयच्या गोष्टी करणाऱ्या काळात एका काचनळीवर निर्णय होतो, याची मला गंमत वाटते.

विषबाधेची लक्षणं असतील तरच लस देतात. साप चावला म्हणून सरसकट देत नाहीत, तेव्हा 'लस का देत नाही' म्हणून डॉक्टरांशी भांडू नका. पण लक्षणं नसली तरी किमान २४ तास रुग्णालयात राहायचं. रात्री अकराला 'काही झालं नाही' म्हणून घरी नेलेला माणूस पहाटे जातो, असं मण्यारीत घडतं.

लस शिरेतून, सलाईनमध्ये मिसळून देतात, सुरुवातीला साधारण ८ ते १० बाटल्या. जखमेभोवती टोचत नाहीत. मुलांनाही तेवढीच, कारण सापाने मूल लहान म्हणून विष कमी सोडलेलं नसतं. गरोदर बाईलाही द्यायचीच. रक्ताची तपासणी दर सहा तासांनी पुन्हा होते आणि गरज असेल तर आणखी बाटल्या लागतात. ही लस घोड्याच्या रक्तद्रवापासून बनते, त्यामुळे काहींना खाज, गांधी, थंडी, धाप, रक्तदाब उतरणं असा त्रास होतो. तसं दिसलं की लगेच परिचारिकेला हाक मारा. त्यावर अ‍ॅड्रिनलिनचं इंजेक्शन आहे, ते देऊन लस पुन्हा सुरू करता येते.

नाग चावला असेल तर निओस्टिग्मिन आणि अ‍ॅट्रोपिन ही जोडइंजेक्शनं पापण्या आणि मान सावरायला मदत करतात. मण्यारीत त्यांचा फारसा उपयोग होत नाही. घोणशीत मूत्रपिंडावर लक्ष ठेवावं लागतं. दिवसभरात लघवी किती झाली ते मोजून लिहा. कमी होऊ लागली तर काहींना डायलिसिस लागतो.

सह्याद्रीच्या जंगलात चापडा चावण्याच्या घटना घडतात. आपली लस त्याच्या विषासाठी बनवलेली नाही. सूज आणि वेदना भरपूर, पण जीव क्वचितच जातो. दवाखाना मात्र चुकवू नका; तो चापडाच होता, हे तुम्ही ठरवायचं नाही.

घरी आल्यावर

लस घेतल्यानंतर एक-दोन आठवड्यांत ताप, सांधेदुखी, अंगावर पुरळ येऊ शकतं. हे विष 'परत चढलं' म्हणून नव्हे, लसीची उशिरा आलेली प्रतिक्रिया असते आणि औषधाने बरी होते. जखम काळी पडत असेल, लघवी कमी असेल, चेहऱ्यावर सूज असेल तर लगेच परत जा.

केसपेपर, डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. शेतकरी कुटुंबात दुर्दैवाने मृत्यू झाला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंश धरलेला आहे. सातबारावर नाव असलेला शेतकरी किंवा त्याच्या कुटुंबातला एक सदस्य, वय १० ते ७५, आणि मदत २ लाख रुपये. अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे करायचा असतो. शवविच्छेदन नको म्हणून परस्पर अंत्यविधी उरकला तर पुढे कागद जमवताना फार हाल होतात.

पावसाळ्याआधी एका संध्याकाळचं काम

जवळच्या कोणत्या केंद्रात एएसव्ही असते, रात्री कोण असतं, व्हेंटिलेटर कुठे आहे, हे आशाताईंना किंवा केंद्रात जाऊन विचारून घ्या. ते आणि रात्री गाडी देईल अशा दोघांचे नंबर दाराच्या मागे खडूने लिहा. मोबाईलमध्ये ठेवले तर ज्याचा मोबाईल त्यालाच साप चावलेला असतो.

खाली झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी वापरावी आणि तिच्या कडा अंथरुणाखाली चारही बाजूंनी खोचाव्यात. मण्यारीविरुद्ध याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही. सरपण, गोवऱ्या, विटांचे ढीग भिंतीपासून लांब ठेवा. धान्य उघडं राहिलं की उंदीर येतात आणि उंदरांमागे साप.

शेतीची वीज रात्रपाळीला येते, म्हणून अर्धा महाराष्ट्र रात्री पाणी द्यायला शिवारात असतो. गमबूट घाला, हातात बॅटरी आणि काठी ठेवा. मोटारीच्या पेटीत हात घालण्याआधी आत उजेड टाका. ऊब असते, तिथे जनावर येऊन बसतं. भात किंवा सोयाबीन कापताना पेंढीखाली थेट बोटं घालण्याऐवजी आधी विळ्याच्या टोकाने पेंढी हलवा.